कॅम्पसाइटवरची पदनामे कोणासाठी बदलायची?

कॅम्पसाइटवर काम करणाऱ्या माणसांना काय म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. तंबू ठोकायला सपाट जागा, पाण्याचा नळ, विजेचा खांब आणि स्वच्छ शौचालय मिळाले की मुक्कामाला आलेल्या माणसाचे काम भागते. समोरच्या कर्मचाऱ्याच्या छातीवरील पट्टीवर ‘वॉर्डन’ लिहिले आहे की ‘अतिथी अनुभव प्रमुख’, याकडे त्याचे लक्षही जात नाही. तरीही हा विषय या व्यवसायात अधूनमधून निघतच असतो. जुनी पदनामे दरडावणारी आणि कालबाह्य आहेत, त्यामुळे तरुण मंडळी या कामाकडे वळत नाहीत, असे एका बाजूचे म्हणणे असते. पदनाम बदलल्याने ना पगार वाढतो ना शौचालये आपोआप स्वच्छ होतात, तेव्हा हा सगळा पाट्या रंगवण्याचा खटाटोप आहे, असे दुसऱ्या बाजूचे.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. बदल हवा, हे मला मान्य आहे. मात्र नवे नाव कानाला किती गोड लागते यावरून त्याची निवड होऊ नये. मुक्कामाला आलेल्या परक्या माणसाला अडचणीच्या वेळी कोणाला हाक मारायची हे त्या नावावरून कळले पाहिजे, आणि ते नाव धारण करणाऱ्याला आपले काम, आपले अधिकार आणि आपले तास कुठे सुरू होतात व कुठे संपतात हे नेमणुकीच्या कागदावर लिहिलेले सापडले पाहिजे. या दोन अटींना न उतरणारे पदनाम जुने असेल तर टाकून द्यावे, आणि नवे असेल तर दारातूनच परत पाठवावे.

हे ठरवण्यापूर्वी हे काम प्रत्यक्षात कसे असते ते पाहायला हवे, कारण पदनामांवर बोलणारे बरेच लोक गवत कापणारा माणूस आणि नोंदणीचे टेबल यांपलीकडे जात नाहीत. विजेचेच उदाहरण घेऊ. युरोपातील बहुतेक कॅम्पसाइटवर कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे मोटारीमागे ओढत नेण्याच्या चाकांवरच्या घराच्या, जागेपाशी निळ्या रंगाचे, गोल, तीन पिनांचे सॉकेट असते आणि त्यातून जागेनुसार ६, १० किंवा १६ अँपिअरपर्यंत वीज मिळते. दहा अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला २,३०० वॉट. थंडीच्या संध्याकाळी एखाद्या कुटुंबाने हीटर चालू असतानाच विजेची किटलीही लावली की ही मर्यादा ओलांडली जाते आणि स्विच पडतो. मग दारावर थाप येते. आलेल्या कर्मचाऱ्याने डोळे मिटून स्विच वर केला तर चालत नाही. जादा भाराने एमसीबी पडला असेल तर एखादे उपकरण बंद करायला सांगून वीज पुन्हा सुरू करता येते. पण गळती ओळखणारा, साधारण ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीडी पडला असेल, तर कुठेतरी वायर ओली झालेली आहे किंवा एखादे उपकरण सदोष आहे, आणि ते शोधल्याशिवाय वीज देणे धोक्याचे आहे. अंधारात, पावसात, वैतागलेल्या माणसासमोर उभे राहून या दोन शक्यतांमधला फरक करणाऱ्याला आपण ‘मदतनीस’ म्हणतो.

पाण्याची गोष्ट याहून अदृश्य आहे. लीजिओनेला हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुफ्फुसांत जातो. म्हणून गरम पाण्याची टाकी ६० अंश किंवा त्याहून अधिक तापमानाला ठेवावी लागते आणि जे शॉवर कोणी वापरलेले नाहीत ते ठरलेल्या अंतराने, सहसा आठवड्यातून एकदा, काही मिनिटे वाहते सोडून त्याची नोंद वहीत करावी लागते. हंगाम ओसरल्यावर रिकाम्या स्नानगृहात एक बाई एकेक नळ सोडत, थर्मामीटर धरत, आकडे लिहीत पुढे जाताना दिसली तर पाहणाऱ्याला ती साफसफाई करते आहे असेच वाटेल; तिच्या पदनामातही तेवढेच लिहिलेले असते. रासायनिक शौचालयांतील मैल्याची विल्हेवाट, गॅस सिलिंडरांची साठवण, चिखलात रुतलेली गाडी ट्रॅक्टरने ओढून काढणे, रात्रीच्या शांततेच्या वेळा पाळायला लावणे हे सगळे त्यावर आणखी.

आणि मग अधिकाराचा प्रश्न येतो, जो माझ्या मते या वादाचा गाभा आहे. ब्रिटनमधील कॅरॅव्हॅन तळांच्या परवान्यांसाठीच्या आदर्श अटींत दोन वेगळ्या बिऱ्हाडांच्या कॅरॅव्हॅनमध्ये किमान ६ मीटर अंतर सांगितलेले आहे, कारण एकीला लागलेली आग दुसरीपर्यंत पोहोचू नये. कागदावर हे सोपे आहे. परंतु तासाभराच्या खटपटीने गाडी समतल करून, मंडप लावून, खुर्च्या मांडून बसलेल्या कुटुंबाला ‘तुम्ही दीड मीटर आत आला आहात, गाडी हलवा’ असे सांगणे ही सोपी गोष्ट नाही. तसेच तंबूच्या आत कोळशाची शेगडी ऊब घेण्यासाठी नेणाऱ्याला ती बाहेर काढायला लावणे. विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेली माणसे त्याने झोपेतच दगावतात. अशा वेळी कर्मचाऱ्याने केवळ हसतमुख असून भागत नाही. त्याचे म्हणणे ऐकावे लागते, हे समोरच्याला आधीच ठाऊक असावे लागते.

आज वापरात असलेली जुनी नावे कुठून आली हे पाहिले, की त्यांच्यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे जरा स्पष्ट होते. मोकळ्या हवेतील स्वस्त मुक्कामाची परंपरा एकाच ठिकाणाहून आलेली नाही. १९०१ मध्ये टॉमस हायरम होल्डिंग या शिंप्याच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये सायकलवरून तंबू घेऊन फिरणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. जर्मनीत रिचर्ड शिरमान या शिक्षकाने मुलांच्या पदभ्रमणासाठी निवासांची कल्पना मांडली आणि १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात कायमस्वरूपी युवा निवास सुरू झाला. या निवासाचा प्रमुख जर्मनमध्ये ‘निवासाचा पिता’ म्हणवला जाई आणि त्याची पत्नी ‘निवासाची माता’. अमेरिकेतही अशा प्रमुखांना घराचे ‘पालक’ म्हणत, तर इंग्रज युवा निवासांनी ‘वॉर्डन’ हे नाव घेतले, जे कॅम्पसाइटवरही रुळले. उतरणारी माणसे म्हणजे पोरे, त्यांना शिस्त लावायची, झाडलोटीची कामे वाटून द्यायची आणि रात्री दिवे घालवायचे, अशी कल्पना या नावांमागे होती आणि त्या काळी ती बरीचशी खरीही होती.

आज ती खरी नाही. कॅम्पसाइटवर येणारा माणूस पैसे मोजून येतो, अनेकदा निवृत्त असतो, त्याची गाडी कर्मचाऱ्याच्या घरापेक्षा महाग असू शकते, आणि त्याला कोणी बाप नको असतो. ‘वॉर्डन’ म्हटले की मराठी वाचकाच्याही डोळ्यांसमोर आधी वसतिगृह आणि पाठोपाठ तुरुंग येतो. हे नाव काढले तर मला दुःख होणार नाही. पण त्या नावात एक गोष्ट होती जी त्याच्या जागी येणाऱ्या नावांत बहुधा नसते: हा माणूस इथला जबाबदार आहे आणि त्याचा शब्द इथे चालतो, हे ते एका झटक्यात सांगत असे.

अमेरिकेतील ‘कॅम्प होस्ट’ या नावाची गंमत याच्या अगदी उलट आहे. तिथल्या सार्वजनिक उद्यानांत आणि वनक्षेत्रांत हे काम पुष्कळदा स्वयंसेवक करतात; स्वतःच्या गाडीत राहतात, जागेचे भाडे त्यांना द्यावे लागत नाही, आणि त्या बदल्यात ते आलेल्यांचे स्वागत करतात, माहिती देतात, शौचालये पाहतात. राष्ट्रीय उद्यानांत स्वयंसेवक घेण्याचा कायदा १९७० मध्ये झाला. या यजमानांना कायद्याची अंमलबजावणी करण्याचा अधिकार नसतो. कोणी ऐकत नसेल तर त्यांनी रेंजरला बोलवायचे असते. म्हणजे इथे पदनाम प्रामाणिक आहे. तो खरोखर यजमान आहे, त्याहून अधिक काही नाही, आणि त्याच्यामागे अधिकार असलेला दुसरा माणूस उभा आहे. पण हेच गोड नाव उचलून एखाद्या खाजगी कॅम्पसाइटने आपल्या एकुलत्या एका रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला लावले, तर मागे कोणी रेंजर नसतो. नाव यजमानाचे आणि अपेक्षा रेंजरच्या, अशी त्या माणसाची कोंडी होते. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या टोळक्यापुढे ‘मी तुमचा यजमान’ असे म्हणत जाणे काय असते, याची कल्पना नाव सुचवणाऱ्याने करून पाहावी.

नावे जुनी होतात ती केवळ त्यांच्यातल्या दरडावणीमुळे नव्हे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश सहल कंपन्या फ्रान्समधल्या कॅम्पसाइटवर आधीच उभारलेले तंबू भाड्याने देऊ लागल्या, तेव्हा तिथे नेमलेल्या तरुण प्रतिनिधींना त्या ‘कुरिअर’ म्हणत. आज हा शब्द ऐकून कोणीही पार्सलची वाट पाहील. असे नाव बदलण्यासाठी वाद घालायचीही गरज नाही.

बदलाच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा मला स्त्रीपुरुष समानतेचा वाटतो, आणि या व्यवसायात तो विशेष खोल जातो. ब्रिटनच्या १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्याने नोकरीच्या जाहिरातींतील ‘वेटर’, ‘सेल्सगर्ल’, ‘पोस्टमन’, ‘स्टुअर्डेस’ अशी पदनामे नमुन्यादाखल नोंदवून, उलट काही स्पष्ट केलेले नसेल तर ती भेदभावाचा हेतू दाखवतात असे ठरवले. कॅम्पसाइटवर लिंगवाचक शब्द कमी असतील, पण रचना मात्र लिंगवाचक असू शकते. अनेक ठिकाणी हे काम जोडप्याला मिळून देण्याची पद्धत आहे. दोघे तिथेच राहतात, हंगामभर काम करतात. अशा जोडनेमणुकीत एकाला प्रमुखाचे आणि दुसऱ्याला सहायकाचे पदनाम मिळते, तेव्हा सहायक कोण होते हे सांगायला नको. नोंदणी, हिशेब, तक्रारी, स्नानगृहांची देखभाल आणि पाण्याच्या नोंदी हा सर्व भार जिच्यावर आहे ती ‘सहायक’ आणि गवताचे यंत्र चालवणारा ‘प्रमुख’, ही विभागणी कामाच्या वजनावरून झालेली नसते. इथे पदनाम बदलणे म्हणजे रंगरंगोटी नव्हे. ‘प्रमुख, स्वागत व हिशेब’ आणि ‘प्रमुख, मैदान व देखभाल’ अशी दोन समान पदे केली, तर पुढच्या नोकरीसाठी अर्ज करताना त्या बाईच्या हातात स्वतःचा अनुभव दाखवणारा कागद असतो. जोडप्यातला एक जण आजारी पडला, किंवा दोघे विभक्त झाले, तर नोकरीचे काय, हा प्रश्नही मग दडपता येत नाही.

नावाचा कर्मचाऱ्याच्या मनावर परिणाम होतच नाही असेही म्हणता येणार नाही. अ‍ॅडम ग्रँट, जस्टिन बर्ग आणि डॅनियल केबल या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या कर्मचाऱ्यांनी आपल्या कामाचे स्वरूप सांगणारे पदनाम स्वतः तयार केले, त्यांच्यात भावनिक थकवा कमी झाला. या निष्कर्षाचा दाखला पदनामे आधुनिक करू पाहणारे व्यवस्थापक आनंदाने देतील. पण त्यातला ‘स्वतः’ हा शब्द त्यांच्या हातून बहुधा निसटतो. तिथे कर्मचाऱ्यांनी आपली नावे आपण सुचवली होती, आणि ती अधिकृत पदनामाच्या जागी नव्हे तर जोडीने वापरली होती. मुख्य कार्यालयात बसलेल्या जाहिरात विभागाने ‘आनंददूत’ असे छापलेला टी-शर्ट पाठवून दिला तर तोच परिणाम होईल, असे त्यावरून सिद्ध होत नाही. शौचालय तुंबल्याची तक्रार ‘आनंददूता’कडे करताना तक्रार करणाऱ्यालाही ओशाळल्यासारखे होते.

या मार्गाने सर्वांत दूर गेलेली कंपनी म्हणजे डिस्ने, जिथे प्रत्येक कर्मचारी नाटकातल्या पात्रयोजनेचा सदस्य, म्हणजे ‘कास्ट मेंबर’, समजला जातो. फ्लॉरिडात १९७१ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या फोर्ट विल्डरनेस या कॅम्पसाइटवरचे कर्मचारीही याच नावाखाली येतात. ही पद्धत तिथे टिकली आहे, हे मान्य करायला हवे. मात्र ती एका प्रचंड संस्थेची अंतर्गत भाषा आहे. तिच्यामागे प्रशिक्षण, पर्यवेक्षक, सुरक्षारक्षक आणि अग्निशमन यंत्रणा यांची फौज आहे. दोन माणसांवर चालणाऱ्या कॅम्पसाइटने त्या भाषेचे फक्त शेवटचे टोक उचलले तर हाती शब्दच राहतात.

आता संशयवाद्यांच्या म्हणण्याकडे येऊ. त्यांचा संशय किती साधार आहे, हे अमेरिकेतील एका संशोधनातून दिसते. तिथल्या संघीय कायद्यानुसार, ठरावीक रकमेहून अधिक निश्चित पगार असलेल्या आणि व्यवस्थापकीय काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला जादा तासांचा मोबदला देणे बंधनकारक नसते. अनेक वर्षे ही मर्यादा आठवड्याला ४५५ डॉलर होती. लॉरेन कोहेन, उमित गुरुन आणि बुगरा ओझेल यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधात नोकऱ्यांच्या जाहिराती तपासल्या, तेव्हा बरोबर या मर्यादेपाशी व्यवस्थापकीय पदनामांचे प्रमाण जवळजवळ पाचपट झालेले आढळले. स्वागतकक्षातल्या साध्या कर्मचाऱ्याला ‘पहिल्या प्रभावाचा संचालक’ म्हटल्याचे उदाहरण त्यांनी दिले आहे. अशा प्रत्येक नेमणुकीमागे मालकांचा जादा तासांवरचा सुमारे साडेतेरा टक्के खर्च वाचतो, असा त्यांचा अंदाज आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपल्याकडे हसण्यावारी नेली जाते. इथे तो वाळा हिशेब करून घातलेला आहे.

कॅम्पसाइटसाठी हा धोका इतर अनेक धंद्यांहून मोठा आहे, कारण इथला कर्मचारी कामाच्या जागीच झोपतो. घर आणि कचेरी यांच्यामध्ये एक पायरी असते. ‘वॉर्डन’ला ‘व्यवस्थापक’ केले, की रात्रीचे उठणे हे जादा काम न राहता हुद्द्याबरोबर आलेली जबाबदारी ठरते, आणि बढती मिळाली म्हणून त्याने पेढे वाटावेत अशी अपेक्षाही असते. ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन पार्कवर राहून स्वागतिका आणि वॉर्डन अशा जोडीने काम करणाऱ्या एका दांपत्याने किमान वेतनासाठी दावा केला होता; तो २०१९ मध्ये रोजगारविषयक अपील न्यायाधिकरणापुढे आला. पाळी संपल्यानंतरही काही रात्री हाकेसरशी हजर राहणे त्यांच्यावर बंधनकारक होते. हंगामात पाळी संपल्यापासून रात्री दहापर्यंत त्यांना उशिरा येणाऱ्यांचे स्वागत करावे लागे आणि जागा पाहायला आलेल्यांना फिरवून दाखवावे लागे, म्हणून तो वेळ कामाचा धरला गेला. त्यानंतरची रात्र मात्र प्रत्यक्ष बोलावणे आले तेवढ्यापुरतीच. या निकालाच्या न्याय्यतेवर मतभेद होऊ शकतील. पदनामाच्या चर्चेसाठी त्यातून घेण्याजोगी गोष्ट अशी की, निवाडा करणाऱ्यांनी त्यांना काय म्हणत यावर वेळ घालवला नाही. त्या तासांत त्यांच्याकडून काय अपेक्षित होते हे पाहिले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसाय वर्गीकरणाचाही हाच पाया आहे: तिथे पदांची मांडणी नावावरून होत नाही, करायच्या कामांवरून आणि त्यांना लागणाऱ्या कौशल्यावरून होते.

तेव्हा ज्या संस्थेला पदनामे आधुनिक करायची आहेत तिने आधी प्रत्येक पदाची कर्तव्ये, अधिकार, तास आणि रात्रीच्या हाकेचा मोबदला लिहून काढावा, अशी माझी सूचना आहे. हे लिहायला बसले की निम्मी नवी नावे आपोआप गळून पडतील, कारण ‘अनुभव राजदूत’ या पदाखाली आरसीडी, पाण्याचे तापमान आणि सहा मीटरची पट्टी लिहिताना लिहिणाऱ्याचाच हात अडेल.

याखेरीज एक प्रसंग असा आहे की जिथे पदनामाचा उपयोग मिनिटांत मोजला जातो. १४ जुलै १९८७ रोजी फ्रान्समधील ल ग्राँ-बोर्नां येथे अचानक आलेल्या पुराने नदीकाठच्या कॅम्पसाइटवर २३ बळी घेतले. ७ ऑगस्ट १९९६ रोजी स्पेनमध्ये, पिरेनीज पर्वतातल्या बिएस्कास गावाजवळ ओढ्याने आणलेल्या गाळाच्या पंखाकार उतारावर वसवलेल्या कॅम्पसाइटवरून पुराचा लोंढा गेला आणि ८७ माणसे मेली. बिएस्कासचा दोष कर्मचाऱ्यांच्या माथी मारता येणार नाही. अशा जागी परवानगी देणाऱ्या यंत्रणांची जबाबदारी पुढे न्यायालयाने मान्य केली. पण अशा दुर्घटनांमधून कॅम्पसाइटवर इशारा देण्याची आणि जागा रिकामी करण्याची व्यवस्था असावी ही जाणीव पक्की झाली, आणि फ्रान्सने बिएस्कासच्याही आधी, १९९४ मध्ये, धोक्याच्या क्षेत्रांतील कॅम्पसाइटसाठी माहिती, इशारा व स्थलांतर यांचे लेखी नियम सक्तीचे केले. असे नियम शेवटी कोणाच्या तरी तोंडून बोलले जातात. रात्रीच्या पावसात कोणीतरी तंबूतंबूवर थापा मारत ‘सामान सोडा आणि वर चढा’ असे सांगत जातो, आणि ऐकणाऱ्यांत निम्मे परदेशी असतात, काहींना ती भाषा येत नाही, काहींना गाडी सोडवत नाही. त्या क्षणी जाकिटाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘साइट प्रमुख’ असे असेल तर त्याचा उपयोग होतो. तिथे ‘क्षणांचा शिल्पकार’ असे असेल तर काय होईल, हे लिहिण्याची गरज नाही.

म्हणून माझी पसंती रुक्ष नावांना आहे. साइट व्यवस्थापक, रात्रपाळी प्रभारी, देखभाल तंत्रज्ञ, स्वागतकक्ष कर्मचारी, स्वच्छता व जलसुरक्षा कर्मचारी. यांत कल्पकता नाही, हा आक्षेप मी आनंदाने स्वीकारतो. ‘व्यवस्थापक’ हा शब्द मात्र ज्याला माणसे नेमण्याचा, खर्च मंजूर करण्याचा किंवा उपद्रवी पाहुण्याला बाहेर काढण्याचा अधिकार आहे त्यालाच लावावा. इतर कोणालाही तो भेट म्हणून देऊ नये. ‘जलसुरक्षा’ हा शब्द मी जाणूनबुजून घातला आहे. नळ सोडून आकडे लिहिणारी ती बाई जे करते ते प्रशिक्षण लागणारे काम आहे, आणि पदनामात ते आले की प्रशिक्षणाचा खर्च आणि वेतनश्रेणीतला फरक यांची मागणी करायला तिच्याकडे आधार येतो. नवे नाव मालकाला जरासे महाग पडत असेल, तर ते बहुधा खरे नाव असते. स्वयंसेवकांच्या बाबतीत ‘स्वयंसेवक’ हा शब्द पट्टीवर स्पष्ट असावा. तो झाकून ‘यजमान’ एवढेच ठेवले, की आलेल्या माणसाला तो पगारी नोकर वाटतो आणि तो त्याच तोऱ्यात बोलतो.

यावर एक रास्त हरकत येते. पुष्कळ कॅम्पसाइट इतक्या लहान असतात की तिथे एकच माणूस किंवा एकच जोडपे सगळे करते; सकाळी नोंदणी, दुपारी नळदुरुस्ती, रात्री गस्त. त्यांच्यासाठी पाच पदनामे म्हणजे फार्सच. खरे आहे. अशा ठिकाणी एकच पदनाम पुरे, पण त्याची कर्तव्यसूची लांबच असणार, आणि ती लिहिलेली नसेल तर बिनलिखित कामे वाढतच जाणार. लहान मालकाला उलट या कागदाची गरज जास्त आहे, कारण त्याच्याकडे वाद सोडवायला वेगळा विभाग नसतो. आणि मालक स्वतःच सगळे पाहत असेल, तर त्याने स्वतःला हवे ते म्हणवून घ्यावे. त्याच्या तासांचा हिशेब मागणारे कोणी नाही.

बदल करायचा ठरला, तर तो हंगाम सुरू होण्यापूर्वी एकाच वेळी सर्व ठिकाणी व्हावा: नेमणूकपत्रात, वेतनपत्रकात, पट्टीवर, आणि मुख्य म्हणजे प्रवेशद्वाराजवळच्या आपत्कालीन फलकावर. स्वागतकक्षात ‘साइट व्यवस्थापक’ आणि शौचालयाच्या भिंतीवरच्या जुन्या फलकावर ‘आग लागल्यास वॉर्डनला कळवा’, अशी स्थिती एक हंगामभर राहिली तर पाहुण्याला दोन वेगळी माणसे आहेत असे वाटते आणि तो नसलेल्या माणसाला शोधत फिरतो. नावे ठरवताना रात्रपाळीच्या आणि स्वच्छतेच्या कर्मचाऱ्यांना आधी विचारावे, कारण मुक्कामी माणसे अडचणीत असताना कोणाला, काय म्हणून हाक मारतात हे त्यांनीच रोज ऐकलेले असते.